लाल बिल्ल्याचे अण्णा

शिरूर ते दौंड या पट्ट्यात गाव कुठलंही घ्या, घोडनदीच्या काठचं असो की भीमेच्या, तिथे तीन माणसं हमखास भेटतात: सोसायटीचे चेअरमन, माजी चेअरमन आणि बिल्लेवाले. पहिले दोघे अधूनमधून जागा बदलतात. बिल्लेवाले मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षं जागचे हललेले नसतात. पांढरा शर्ट, खिशावर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला, पिनेच्या गंजाने कापडाला पडलेलं तांबूस भोक. आणि समोर तलाठी असो, जावई असो की खताचा एजंट असो, बोलण्याची सुरुवात ठरलेली. "मुळात सरकार हवंच कशाला?"

नमुन्यादाखल आमचे अण्णा घ्या. नाव विचारू नका. न्हावऱ्याच्या अलीकडचे की पलीकडचे, तेही विचारू नका. अलीकडेही असे एक आहेत आणि पलीकडेही आहेत, आणि लेख वाचून दोघांनाही तो आपल्यावरच आहे असं वाटणार आहे.

अण्णांच्या दोन भाषा आहेत. एक घरची, शिरूरची, "व्हय" आणि "न्हाई"ची. दुसरी संघटनेच्या शिबिराची, शुद्ध. सरकार, बाजार, हक्क, स्वातंत्र्य यातला कुठलाही विषय निघाला की अण्णा ताठ बसतात आणि दुसऱ्या भाषेत शिरतात. मध्येच म्हैस सुटली तर पहिल्या भाषेत ओरडतात आणि परत येऊन वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचलतात.

ही दुसरी भाषा त्यांनी चाकणला उचलली. शरद जोशी नावाचा, पुढे शेतकरी संघटना काढणारा, टपाल खात्यातला बडा अधिकारी स्वित्झर्लंडमध्ये, बर्नला, आंतरराष्ट्रीय टपाल संघात नोकरीला होता. ती सोडून तो १९७७ च्या सुमारास चाकणजवळ आंबेठाणला येतो, कोरडवाहू जमीन घेतो आणि स्वतः तोट्यात शेती करून दाखवतो, ही बातमीच तेव्हा न पटणारी होती. तोट्यात शेती तर सगळेच करत होते; पण त्याचा हिशेब मांडणारा हा पहिलाच. कांद्याच्या भावासाठी चाकणला आंदोलन पेटलं तेव्हा अण्णा विशीत होते आणि शिक्रापूरवरून एका ट्रकच्या टपावर बसून तिथे पोचले होते. १९८० चं नाशिकचं ऊस-कांदा आंदोलन त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. मात्र अलीकडे सांगताना तेही ते प्रत्यक्ष पाहिल्यासारखं सांगतात, आणि ऐकणाऱ्यांत तेव्हा जन्मलेलं कुणी नसल्याने ते निभावून जातं.

चाकणला अण्णांना जे ऐकू आलं त्याने त्यांचं पुढचं सगळं आयुष्य ठरवलं. तोवर गावात येणारा प्रत्येक पुढारी 'सरकारकडून मिळवून देतो' म्हणायचा. हा माणूस म्हणाला, सरकारकडून काही नको, फक्त सरकारने आपल्या खिशातला हात काढावा. भाव पडतो तो पाडला जातो म्हणून पडतो. शहरात स्वस्त हवं म्हणून निर्यात बंद करायची, साठ्यावर मर्यादा घालायची, जिल्ह्याबाहेर माल जाऊ द्यायचा नाही, आणि मग मेलेल्या शेतकऱ्याला अनुदानाचं टॉनिक पाजायचं. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा अण्णांनी तेव्हा जी घेतली ती आजही घसा बसेपर्यंत देतात. कधीकधी देवळातल्या आरतीनंतरही.

त्यांचं ग्रंथालय माळवदाखालच्या खोलीत टांगलेल्या दोन गोण्यांत आहे. 'शेतकरी संघटक'चे जुने अंक, शिबिरांच्या वह्या, स्वतंत्र पक्षाच्या काळातली पिवळी पडलेली पत्रकं. गोण्या युरियाच्या. ज्या युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी सरकार दोनशे साडेसहासष्ट रुपयांना मिळावी म्हणून उरलेले पैसे स्वतः भरतं, त्याच. हे मी एकदा लक्षात आणून दिलं. अण्णा म्हणाले, "गोणी रिकामी आहे. अनुदान आतल्या खताला होतं."

या गोण्यांमधून त्यांना स्वातंत्र्याचा जो इतिहास मिळाला आहे तो कुठल्याही विद्यापीठात शिकवत नाहीत. तो सगळा शिरूर तालुक्यात घडतो.

न्हावरा फाट्याच्या हॉटेलात मी त्यांना फ्रेदरिक बास्तिया सांगताना ऐकलं आहे. बास्तिया हा फ्रेंच लेखक. सरकारने परदेशी माल अडवावा म्हणून रडणाऱ्या कारखानदारांची त्याने १८४५ साली टर उडवली. मेणबत्ती करणाऱ्यांच्या नावाने त्याने एक खोटा अर्ज लिहिला: आमचा एक परदेशी स्पर्धक फुकट उजेड विकतो, त्यामुळे आमचा धंदा बसला, तरी सर्वांनी दिवसा खिडक्या बंद ठेवाव्यात असा कायदा करावा. तो स्पर्धक म्हणजे सूर्य. अण्णांनी हे रंगवून सांगितलं. समोर उसाच्या टोळीचा मुकादम, तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा एक चिटबॉय आणि भज्यांचा घाणा काढणारा आचारी.

मुकादम बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "मग झाला का कायदा?"

"आरं, ती चेष्टा होती."

"आपल्याकडं झाला आसता," आचारी म्हणाला आणि झारा आपटला.

अण्णांना याहून चांगला विद्यार्थी आजवर मिळालेला नाही. तेव्हापासून ते त्याच हॉटेलात बसतात.

जॉन लॉक त्यांना सगळ्यांत जवळचा. इंग्रज तत्त्ववेत्ता, १६८९ साली त्याचा राज्यसंस्थेवरचा ग्रंथ निघाला. माणसाचा देह त्याचा स्वतःचा, म्हणून देहाचे कष्टही त्याचे, आणि जमिनीत कष्ट मिसळले की ती त्याची मालमत्ता. सरकार नंतर आलं, मालकी आधीची, अशी त्याची मांडणी. अण्णा म्हणतात, "लॉक संघटनेचाच माणूस. फक्त तीनशे वर्षं आधी आला." गोपाळ गणेश आगरकरांनाही ते आपल्यात धरतात, कारण आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून 'सुधारक'मधून व्यक्तीचं स्वातंत्र्य मांडत होते. "माणूस चोख होता. शेती नव्हती एवढंच." न्यायमूर्ती रानड्यांना मात्र माफी नाही. १८९२ साली पुण्यात डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात रानडे म्हणाले की 'सरकारने मध्ये पडू नये' हे इंग्रजांचं अर्थशास्त्र हिंदुस्थानला जसंच्या तसं लागू पडत नाही, इथे उद्योगधंदे उभे करायला सरकारचा हात लागेल. अण्णांच्या हिशेबी आपल्याकडे घुसलेलं सगळं पाणी त्या एका भोकातून आलं. रानड्यांचा विषय निघाला की ते खालच्या आवाजात, एखाद्या हुशार पण बिघडलेल्या पुतण्याबद्दल बोलावं तसे बोलतात.

एका चांगल्या भाषणाला एक तरी विरोधक लागतो. अण्णांचे विरोधक म्हणजे त्यांच्या बहिणीचे यजमान, दौंड तालुक्यातले दाजी. भीमेच्या काठी ऊस, कारखान्याचे सभासद, सोसायटीत दोन वेळा संचालक, सहकारावर निस्सीम भक्ती. केडगाव, पारगाव, न्हावरे असा रस्ता तुडवत दाजी मोटारसायकलवर येतात, गुळाची ढेप उतरवतात आणि भांडण सुरू होतं. नातं असं की अण्णांना दाजींचा अपमान करता येत नाही आणि दाजींना पाहुणा म्हणून उठून जाता येत नाही. त्यामुळे चर्चा कधी कधी तत्त्वापर्यंत पोचते, जे विधानसभेत सहसा होत नाही.

अण्णांचा आवडता मुद्दा परिशिष्ट नऊ. १९५१ साली घटनेची पहिली दुरुस्ती झाली, त्यात हे परिशिष्ट जोडलं गेलं. त्यात टाकलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांचा भंग झाला म्हणून न्यायालयात आव्हान देता येणार नाही, अशी सोय. सुरुवातीला तेरा कायदे होते, वाढत वाढत दोनशे चौऱ्याऐंशी झाले. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनच काढला. "म्हणजे," अण्णा शिबिराच्या भाषेत, "माझी जमीन माझी आहे, पण मूलभूतरीत्या नाही!"

दाजी शांतपणे म्हणाले, "अण्णा, तुमची जमीन आली कुठनं?"

इथे थोडं मागे जायला हवं. अण्णांचे वडील कूळ होते. मुंबई कूळवहिवाट कायदा १९४८ चा. कसणाऱ्या कुळाला मालक मानायची तारीख पडली ती १ एप्रिल १९५७. त्या कायद्याने वडिलांच्या नावाने सातबारा झाला. आणि पहिल्या तेरा कायद्यांच्या यादीत हाच कायदा दुसऱ्या क्रमांकावर आहे. म्हणजे ज्या परिशिष्टाच्या नावाने अण्णा बोटं मोडतात त्याच्याच छत्राखाली त्यांची साडेपाच एकर वाढली. दाजी हे कुठून शोधून आले कोण जाणे. मला वाटतं संचालक असताना त्यांना वाचायला वेळ मिळत होता.

एरवी कुणी गप्प बसला असता. अण्णांनी पान जमवलं, चुना लावला आणि म्हणाले, "घाम कुणाचा होता? बापाचा. किती वर्षं? तीस. मग लॉकच्या हिशेबाने जमीन आधीच त्याची झाली होती. मालक म्हणून कागदावर दुसरंच नाव होतं, ती सरकारदरबारची चूक. सरकारने पुढे स्वतःची चूक दुरुस्त केली, याला उपकार म्हणत नाहीत."

दाजी निरुत्तर झाले. मलाही हे उत्तर आवडलं. तत्त्वज्ञानाच्या मोठ्या पुस्तकांत याहून लंगडी उत्तरं आहेत. कष्टानेच मालकी येते हे वाक्य अण्णा त्या दिवशी बरंच मोठ्याने बोलले, आणि चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या काकींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, ते ऐकलं, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसरं भांडण कर्ड्याचं. हे गाव शिरूर तालुक्यातलं, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीपासून फार लांब नाही. डिसेंबर १८७४ मध्ये तिथल्या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुख या शेतकऱ्यावर हुकूमनामा मिळवला आणि त्याचं राहतं घर पाडलं. गावाने काठी उचलली नाही. सावकाराच्या दुकानात कुणी पाऊल टाकायचं नाही, त्याच्या शेतात राबायचं नाही, न्हाव्याने त्याची हजामत करायची नाही, पाणी भरायचं नाही. सावकाराला गाव सोडून शिरूरला पळावं लागलं. हे लोण आजूबाजूच्या गावांत पसरलं. आयर्लंडमधल्या शेतकऱ्यांनी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याला असंच वाळीत टाकून जगभर नाव कमावलं ते १८८० साली, म्हणजे कर्डेकरांनंतर सहा वर्षांनी. हे सांगताना अण्णांची छाती बिल्ल्यासकट पुढे येते. ना कायदा मोडला, ना कुणाला हात लावला, फक्त व्यवहार नाकारला. स्वातंत्र्याच्या सगळ्या इतिहासात इतका स्वच्छ दाखला त्यांच्या मते दुसरा नाही, आणि तो आपल्या तालुक्यातला.

"आन् पुढं मे महिन्यात सुप्याला?" दाजींनी विचारलं.

१२ मे १८७५, सुप्याचा बाजार. जमाव सावकारांच्या पेढ्यांवर गेला, कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत शिकवतात ते हेच. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला: न्यायालयाने नुसत्या रोख्यावर विसंबू नये, मागचा खरा हिशेब उकरावा.

अण्णांची अडचण पाहा. रोखा म्हणजे करार. करार दोन स्वतंत्र माणसांनी केलेला, तो पाळला जावा हा स्वातंत्र्यवाद्यांचा कणा. तो जाळला शेतकऱ्याने. आणि नंतर त्यात हात घातला सरकारने, तोही शेतकऱ्याच्या बाजूने. आता कुणाची बाजू घ्यायची? अण्णा उठले, गोठ्यात जाऊन आले, वैरण टाकली, हात धुतले. परत आले ते निकाल घेऊनच.

"कर्डे बरोबर, सुपे चूक."

"म्हंजी शिरूर बरोबर, भीमथडी चूक," दाजी म्हणाले. सुपे आज बारामतीत आहे, पण तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं आणि दौंडही भीमथडीतच. त्या दिवशी दाजी जेवायला थांबले नाहीत. गुळाची ढेप मात्र ठेवून गेले.

राजकारण अण्णांनी करून पाहिलं आहे. १९५९ च्या जानेवारीत नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात सामुदायिक शेतीचा ठराव झाला आणि त्याच वर्षी राजाजी, मिनू मसानी, प्रा. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. १९६७ ला त्याचे चव्वेचाळीस खासदार होते, १९७४ पर्यंत तो संपलाही. शरद जोशींनी १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढला तेव्हा अण्णांनी पंचायत समितीला अर्ज भरला. प्रचारात त्यांनी सांगितलं की मी निवडून आलो तर तुमच्यासाठी काहीही आणणार नाही. लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला आणि त्यांना पाडलं. अनामत रक्कम गेली. "सरकारला मी आयुष्यात राजीखुशीने दिलेले हेच पैसे," अण्णा म्हणतात. त्यांना खरी टोचणी वेगळीच. १९८९ पासून पक्ष नोंदवायचा तर समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं, हा नियम त्यांना कळल्यापासून ते निवडणूक आयोगाचा उल्लेख फक्त पहिल्या भाषेत करतात.

आता वही. ही वही मी प्रत्यक्ष हाताळली आहे. लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात उधारीला वापरतात तशी. पहिल्या पानावर शीर्षक: 'सरकारकडून येणे'. शरद जोशींचा उणे सबसिडीचा सिद्धांत असा की सरकार बाजार अडवून जेवढा भाव बुडवतं ते सगळं मोजलं, आणि खत-विजेत जे देतं ते त्यातून वजा केलं, तर शेतकऱ्याला मिळणारं अनुदान शून्याच्याही खाली जातं. म्हणजे शेतकरीच सरकारला अनुदान देतो. अण्णांनी हा सिद्धांत स्वतःच्या शेतापुरता मांडला. प्रत्येक निर्यातबंदी, तारखेसह. शेवटची मोठी नोंद ८ डिसेंबर २०२३ ची. कांद्याची निर्यात बंद झाली ती ४ मे २०२४ ला उठली, तोवर अण्णांच्या बराखीतला कांदा खालून पाणी सुटून बसला होता. समोर बुडालेला भाव, वजन, आणि त्यावर सोसायटीच्याच दराने व्याज.

किसान सन्मानचे दोन हजार खात्यावर आले की जमेच्या बाजूला लाल शाईने नोंद होते: 'वसुली, हप्ता'. राज्याचे दोन हजार आले: 'वसुली, किरकोळ'. अनुदान घेताना लाज नाही वाटत का, या प्रश्नाला अण्णांकडे असं लेखी उत्तर आहे. कर्जमाफीलाही त्यांची हरकत त्या शब्दापुरतीच, माफी गुन्हेगाराला असते. रक्कम घेतली आणि वहीत 'अंशतः' लिहिलं. मी शेवटचा आकडा पाहिला आहे. एवढे पैसे शासनाने अण्णांना एकरकमी द्यायचे ठरवलं तर पुणे जिल्ह्यातले रस्ते काही वर्षं खड्ड्यातच राहतील. तसे ते आत्ताही आहेत, म्हणजे फार बिघडणार नाही.

बिबट्याचंही खातं त्याच वहीत आहे. शिरूर तालुक्यात कालवा आला, कालव्यामागून ऊस, उसात बिबट्या. माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. संध्याकाळी अंगणात मूल दिसलं नाही की इथल्या आईचा जीव कसा होतो त्याची चेष्टा अण्णाही करत नाहीत. पण त्यांची शेळी गेली तेव्हा त्यांनी वनखात्यापुढे जो युक्तिवाद केला तो वनरक्षक अजून सांगत असतो. १९७२ च्या कायद्याने बिबट्या मारायची मला बंदी आहे, म्हणजे तो तुमचा. तुमचं जनावर माझ्या रानात राहतं. शेजाऱ्याची गाय शिरली तर मी कोंडवाड्यात घालतो. तेव्हा शेळीची भरपाई द्याच, पण चार महिन्यांचं भाडंही द्या. वनरक्षकाने पंचनाम्यात 'शेतकरी भावनिक' असं लिहिलं. भाड्याची रक्कम येण्यात धरलेली आहे.

या सगळ्या कारभारात काकी कुठे होत्या, हे विचारायचं राहून जातं, आणि तीच तर गंमत. नव्वदच्या सुमारास संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. शेतकऱ्याने स्वतः होऊन बायकोच्या नावे जमीन करून द्यायची. एखाद्या गावात शंभर जणांनी केली की शरद जोशी स्वतः त्या गावाला येणार. १९८६ ला चांदवडला शेतकरी बायकांचं प्रचंड अधिवेशन झालं होतं, त्याचा हा पुढचा टप्पा. आमच्या गावात शंभर काही भरले नाहीत. भाषणं सगळ्यांनी केली, तलाठ्याकडे मोजकेच गेले. अण्णा गेले. अडीच एकर, विहिरीकडची, चांगली. दाजी तेव्हा म्हणाले होते, "मुक्तीचं आमच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मिशनच काढलंय, त्याला सातबारा कशाला लागतो?" अण्णा हसले होते. नावावर केली काय आणि न केली काय, घर एकच, असं मनात असणार. स्वातंत्र्य देणाऱ्याला नेहमी असंच वाटतं.

पुढची वीस वर्षं काही घडलं नाही. अण्णा मोर्च्यांना, शिबिरांना, दिल्लीला जात राहिले आणि शेत काकी करत राहिल्या. २०१० च्या मार्चमध्ये राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक १८६ विरुद्ध एक असं मंजूर झालं आणि तो विरोधातला एक शरद जोशींचा होता. मतदारसंघ चिठ्ठ्या टाकून आणि दर वेळी फिरवून राखीव ठेवायची पद्धतच त्यांना मान्य नव्हती. अण्णांनी दोन तास समजावून सांगितलं. काकी एवढंच म्हणाल्या, "येकच मत पडलं ना? मग आसू द्या."

मग मुलगा मोठा झाला. रांजणगावच्या कंपनीत कंत्राटी लागला, आणि विहिरीकडच्या अडीच एकरात प्लॉटिंग करावं असं त्याच्या डोक्यात आलं. गुंठ्याचा भाव सांगून त्याने अण्णांना फिरवलं. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याविरुद्ध अण्णा आयुष्यभर बोलले होते: माझी जमीन, मी तिचे हवे तेवढे तुकडे करीन. बोललेलं अंगाशी आलं. बापलेक कागद घेऊन काकींकडे सहीला गेले.

काकींनी हात पुसले. "उतारा कुणाच्या नावावर हाय?"

"तुझ्याच. पण घरचा निर्णय—"

"मालकाच्या मर्जीबिगर जमिनीला हात लावायचा न्हाई, आसं कोण म्हणतं रोज?"

"मी सरकारबद्दल म्हणतो."

"आन् तुमी कोण मोठे लागून गेला?" काकी म्हणाल्या. "त्या दिवशी दाजीस्नी सांगत हुता, घाम ज्याचा त्याची जमीन. गेली तीस वर्सं तिथं घाम कुणाचा? तुमी तर दिल्लीला हुता."

मुलगा चिडला. अण्णांचा चेहरा मी पाहत होतो. राग आधी आला, तो मावळला, आणि मग हळूहळू त्यावर असं काही पसरलं की जे मी त्यांच्या तोंडावर कुठल्याही सभेनंतर पाहिलं नव्हतं. लॉकचा अर्थ लावणारं माणूस अखेर घरातच निघालं होतं. मुलाला म्हणाले, "कागद घडी कर. बोलणं संपलं." मुलगा ओरडला की आईला समजावा, तहसीलला जाऊ, वाटणीचा दावा लावू. अण्णांनी त्याला बाहेर काढलं. कुठल्याही चेअरमनने, माजी किंवा आजी, इथे बायकोचा अंगठा घेऊन काम उरकलं असतं. सरकार, शहर, बाजार समिती, सगळ्यांवर तोंड सोडणारा हा माणूस स्वतःच्या विरुद्ध गेलेला हक्क निमूट मान्य करतो, याला मी त्यांचा एकमेव खरा विजय समजतो.

त्यानंतर काकी थांबल्या नाहीत. गेल्या हंगामात कारखान्याची तोड लांबली. टोळीवाले खुशालीचे वरचे पैसे मागत होते, चिटबॉय रोज उद्याचं सांगत होता. दोन कारखान्यांत पंचवीस किलोमीटर हवाई अंतर हवं या नियमावर अण्णा गावभर व्याख्यान देत असताना काकींनी दाजींना फोन लावला आणि अडीच एकराचा ऊस दौंडकडच्या गुऱ्हाळाला उभ्याने देऊन टाकला. रोख. पैसे स्वतःच्या खात्यात. सहकाराचे निष्ठावंत दाजी यात दलाल होते, हे आम्ही त्यांच्या कारखान्याला कळवलेलं नाही.

अण्णांना अधिवेशनाला जायचं होतं. पत्रकं छापायची होती. दाजी ओट्यावर चहा पीत होते, मीही होतो. अण्णा काकींपुढे उभे राहिले आणि घरच्या भाषेत म्हणाले, "चार-पाच हजार हायेत का?"

"कशाला?"

"संघटनेच्या कामाला. असंच."

"आसंच म्हंजी अनुदान," काकी म्हणाल्या. "भीक मागू नका. घामाचं दाम घ्या. खोडव्याला पाणी द्यायचंय, गडी मिळंना. रात्री बाराला लाईट येती. दारं धरा, रोज देते."

अण्णा क्षणभर गप्प. मग शिबिराच्या भाषेत, "दर काय?"

"गावात चालू हाय तो. चारशे."

"रात्रीचं काम आहे, बिबट्याची जोखीम आहे. सहाशे."

"साडेचारशे."

"पाचशे, आणि बॅटरी मालकाची."

"पाचशे. च्या तुमचा."

अण्णा आमच्याकडे वळले, डोळे चमकत होते. "बघितलं? दोन माणसं, दोघांची मर्जी, मध्ये कोणी नाही. हाच तो बाजार!"

"पर अण्णा," दाजींनी बशी खाली ठेवली, "किमान वेतनाचा कायदा हाय बरं का, १९४८ पासनं. रातपाळीचं वेगळं—"

"तो कायदा!" अण्णा ताठ झाले, बिल्ला सरळ केला. "मुळात मजुराचा दर ठरवणारं सरकार कोण? १९४८ साली—"

"बोलायचा रोज मिळणार न्हाई," काकी आतून म्हणाल्या.